आई-वडील सावनेरला, कर्तव्य सातासमुद्रापार

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सावनेर संत्र्याच्या बागा आणि कोळशाच्या खाणी यांच्या आधाराने वाढले. नागपुरात अभियांत्रिकी शिकून परदेशी स्थिरावलेली मुले आणि गावच्या घरात उरलेले आई-वडील, हे दृश्य विदर्भातल्या अशा तालुक्यांना आता नवे राहिलेले नाही. मुले दरमहा पैसे पाठवतात. औषधपाणी, घरदुरुस्ती, क्वचित एखादी शस्त्रक्रिया त्यावरच निभावते. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी धाडले. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत त्यातला सर्वाधिक, म्हणजे २०.५ टक्के वाटा महाराष्ट्राचा होता. प्रश्न असा की, मातापित्यांच्या या सांभाळाची दखल करकायदा घेतो का?

अमेरिकेपुरते उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. तेथील कायद्यानुसार अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा अमेरिका, कॅनडा वा मेक्सिकोची रहिवासी असावी लागते. सावनेरला राहणारी आई या व्याख्येत बसत नाही, मग तिचा सारा खर्च मुलगा उचलत असला तरी. शिवाय अवलंबितामागे उत्पन्नातून मिळणारी वजावट २०१८ पासून शून्यावर आली आहे. उरली आहे ती ५०० डॉलरची करसवलत, आणि तीही अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक वा रहिवासी असेल तरच.

इथेच अनेक जण एका पळवाटेकडे वळतात. आई-वडील पर्यटक व्हिसावर दरवर्षी पाच-सहा महिने मुलाकडे राहतात. चालू वर्षाचे सारे दिवस, गतवर्षाचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश दिवस मिळून बेरीज १८३ वर गेली, की करापुरते ते अमेरिकेचे रहिवासी ठरू शकतात. मायदेशाशी असलेले घनिष्ठ संबंध सिद्ध करून त्यातून बाहेर पडता येते, पण सवलतीच्या मोहाने काही जण रहिवासीपणच पत्करतात. हा सौदा मात्र महाग पडतो. २०२५ साठी अवलंबिताच्या एकूण उत्पन्नाची मर्यादा ५,२०० डॉलर होती. वडिलांचे निवृत्तिवेतन त्यात मोजले जाते आणि भारतात करमुक्त असलेले बागेचे उत्पन्नही. त्याहून गंभीर बाब अशी की, रहिवासी ठरलेल्या आई-वडिलांच्या जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेचा कायदा लागू होतो, आणि परदेशी खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली तर ती कळवणे बंधनकारक असते. आयुष्यभराच्या मुदतठेवी सावनेरच्या बँकेत ठेवणाऱ्या वृद्धाला हा नियम कोण सांगणार? न कळवल्यास होणारा दंड त्या ५०० डॉलरच्या कितीतरी पट असू शकतो.

सर्वच देश असे वागतात असे नाही. परदेशातील गरजू आई-वडिलांच्या पोषणासाठी पाठवलेली रक्कम जर्मनीत ठराविक मर्यादेत वजा करता येते. ती मर्यादा आई-वडील ज्या देशात राहतात तेथील राहणीमानानुसार कमी केली जाते आणि २०२५ पासून रोख रकमेऐवजी बँकेमार्फतच पैसे पाठवावे लागतात. जपानमध्येही नात्याचे आणि पैसे पाठवल्याचे कागद दाखवून परदेशस्थ पालकांसाठी वजावट मिळते. याचाच अर्थ, पुरावा मागूनही सीमेपलीकडचे कर्तव्य मान्य करता येते.

आपल्याकडे काय? १९६१ च्या कायद्यातील कलम ८०ड ने आई-वडिलांच्या आरोग्यविम्याच्या हप्त्यावर वजावट दिली. ते साठीपुढचे असतील तर मर्यादा ५०,००० रुपये आणि विमा नसेल तर त्याच मर्यादेत उपचारखर्चही. ते मुलावर अवलंबून असावेत अशी अट नाही. नागपुरातल्या सदनिकेचे भाडे घेणारा परदेशस्थ मुलगाही याचा लाभ घेऊ शकतो, मात्र हप्ता त्याने स्वतः आणि रोखीशिवाय भरला पाहिजे. पण ज्येष्ठांसाठीची ही वाढीव मर्यादा भारतात राहणाऱ्या पालकांपुरतीच आहे. आई-वडील थोरल्याकडे परदेशी गेले आणि खर्च मात्र सावनेरची मुलगी करते, अशा वेळी उपचारखर्चाची वजावट नाही आणि परदेशी कंपनीच्या विम्याचीही नाही. नुसत्या पोषणासाठी दिलेल्या पैशाला तर, पालक कुठेही असोत, वजावटच नाही.

त्यातही नवी करप्रणाली २०२३-२४ पासून मूळ पर्याय झाली आणि तीत ही वजावट मिळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरील वस्तू व सेवा कर हटला, हा दिलासा खरा. पण विमाच नाकारल्या गेलेल्या वृद्धांना त्याचा उपयोग नाही.

या साऱ्यात एक विसंगती ठळकपणे उठून दिसते. मातापित्यांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा भारताबाहेरील भारतीय नागरिकांनाही लागू आहे. सावनेरचे वृद्ध दांपत्य न्यायाधिकरणाकडे अर्ज करून परदेशस्थ मुलाकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागू शकते. म्हणजे कर्तव्य लादताना राज्यसंस्था समुद्र ओलांडते, ते पार पाडणाऱ्याची दखल घेताना मात्र घर कुठे आहे ते विचारते. अमेरिकेचा कायदा बदलणे आपल्या हाती नाही. पण साठीपुढच्या पालकांच्या उपचारखर्चाची वजावट नव्या करप्रणालीत आणणे आपल्याच संसदेच्या अखत्यारीत आहे. तोवर मुलांनी पैसे बँकेमार्फतच पाठवावेत, पावत्या जपाव्यात आणि ५०० डॉलरसाठी आई-वडिलांना परक्या देशाचे करदाते करण्यापूर्वी दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सल्लागाराला विचारावे. सांभाळाचा हिशेब पैशात होत नाही हे खरे. पण त्या नादात म्हातारपणाच्या ठेवी धोक्यात येऊ नयेत.