पुढचा धुरा भंगारात घालू नका



आपल्या या पानावर जुन्या वाड्यांचे, पोळ्याच्या बैलांचे, संत्र्याच्या पेट्यांचे फोटो येतात. खाली आपण सगळे ‘गेले ते दिवस’ लिहितो आणि मोकळे होतो. आज मी जरा भांडायला आलो आहे. भांडण जुन्या जीपवरून आहे. ज्यांच्या अंगणात ती अजून उभी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

जामसांवली, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात जुन्या फोर-व्हील जीपचा पुढचा धुरा काढून तिला नुसती मागच्या चाकांवर चालवायचे खूळ शिरले आहे. माझ्या ओळखीच्या तीन घरांत हे झाले, चौथ्या घरी मिस्त्री येऊन मापे घेऊन गेला. कारण विचारले की पोरे एकच पाठ म्हणतात, “काकाजी, आता सगळीकडे डांबरी रस्ते झाले. फोर-व्हील कायले पायजे? उगाच डिझेल खाते.”

मी जन्मभर बँकेत दुसऱ्यांचे हिशोब तपासले. म्हणून भावना नंतर, आधी आकडे.

समजा तुमची जीप वर्षाला ४,००० किलोमीटर चालते. आज लिटरला १० किलोमीटर देते आणि धुरा काढल्यावर ११ देईल. म्हणजे ४०० लिटरऐवजी ३६४ लिटर लागतील. वाचले ३६ लिटर. डिझेल १०० रुपये धरा, वर्षाची बचत ३,६०० रुपये. आता खर्च. साधा धुरा बसवणे, ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचे दांडे, मजुरी असे ४५,००० धरू. भंगाराचे १०,००० आले तरी पदरचे ३५,००० गेले. ते वसूल व्हायला पावणेदहा वर्षे! आणि वर्षातून दोनदा जीप चिखलात रुतली, ट्रॅक्टरवाल्याला प्रत्येक वेळी ८०० रुपये दिले, तर बचत उरली २,०००. मग साडेसतरा वर्षे. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी चहा पाजून परत पाठवला असता. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. पण घालून तर बघा. मिस्त्रीच्या तोंडी हिशोबावर घरची वस्तू कापू नका.

आता रस्त्यांचा मुद्दा. पंतप्रधान ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली आणि गावोगावी डांबर पोचले, हे मी नाकारत नाही. पण डांबर पोचले गावापर्यंत. तुमच्या बगिच्यापर्यंत पोचले का? गावाच्या शेवटच्या घरापासून संत्र्याच्या झाडापर्यंत आजही पांदणच आहे आणि खाली काळी माती. कोरडी असताना दगड, ओली झाली की लोणी. आंबिया बहाराचा माल निघतो तो पावसाळा संपता संपता. वर ऊन, खाली ओल. अशा वेळी मागे पेट्या भरल्या की सगळे वजन मागच्या चाकांवर येते. ती चाके जागच्या जागी फिरतात आणि स्वतःच स्वतःचा खड्डा खणतात. पुढची चाके ओढायला असली तर गाडी निघते. नसली तर पोरे मागून ढकलतात आणि चिखलाने माखून घरी येतात.

पंचाहत्तर-ऐंशीच्या काळात आम्ही शेतीकर्जाच्या तपासणीला जात असू. विहीर खणली का, इंजिन बसवले का, हे डोळ्याने बघावे लागे. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँका शेतापर्यंत गेल्या असे पुस्तकात वाचायला मिळते. त्या नेमक्या कशावर बसून गेल्या हे कुणी लिहीत नाही. मी सांगतो. पुष्कळदा त्या शेतकऱ्याच्याच जीपवर बसून गेल्या. साहेब पुढे, फायली मांडीवर, मागे खताची पोती आणि पोत्यांवर दोन-चार गावकरी. बाळंतीण, सर्पदंश झालेला माणूस, मॅट्रिकच्या परीक्षेची पोरे, लग्नाची वरात, सगळे त्याच गाडीतून सौंसरला पोचत. नाल्याला पाणी असले तरी पोचत. शनिवारी जामसांवलीच्या झोपलेल्या मारुतीच्या दर्शनाला निघालेली आजीसुद्धा त्याच जीपच्या मागच्या बाकावर असे.

ही गाडी काय आहे तेही पोरांना कळले पाहिजे. विलिस जीप दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी घडली. १९४७ पासून महिंद्रा ती आपल्याकडे जोडू लागली. तिच्यात गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक डबा असतो, ट्रान्सफर केस. एक दांडा ओढला की पुढच्या चाकांना ताकद मिळते. दुसरा ओढला की छोटा गिअर लागतो, गाडी मुंगीच्या चालीने चालते आणि चाकांवरचे जोर कितीतरी पट वाढते. भरल्या गाडीने अवघड उतार उतरताना हाच छोटा गिअर इंजिनाकडून गाडी धरून ठेवतो, ब्रेक तापत नाहीत. सिल्लेवानीच्या डोंगराकडे ज्यांची शेते आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. धुरा काढणारा तुमची नुसती दोन चाके रिकामी करत नाही, हा छोटा गिअरही निकामी करतो.

कसा, ते ऐका. जुन्या विलिस पद्धतीच्या डब्यात मागच्या चाकांची ताकदही त्या डब्यातल्या गिअरमधूनच जाते. मागचा गोळासुद्धा त्याच हिशोबाने मधोमध नसून एका बाजूला सरकवलेला असतो. म्हणून डबा नुसता काढून फेकता येत नाही. फेकायचा तर मागचा धुराही बदलावा लागतो. डबा ठेवला आणि पुढचा शाफ्ट काढला, तर छोट्या गिअरचा सगळा जोर एकट्या मागच्या धुऱ्यावर येतो आणि आतला शाफ्ट तुटायची वेळ येते. कंपनीने तो गिअर पुढची चाके जोडल्यावरच लागावा अशी व्यवस्था केली होती, ती उगाच नव्हे.

“पण काकाजी, स्टिअरिंग जड चालते, टायर झिजतात.” झिजणारच. फोर-व्हील लावून डांबरीवर पळवली तर पुढची-मागची चाके वळणावर एकमेकांशी भांडतात. दोष चालवणाऱ्याचा, शिक्षा गाडीला! फोर-व्हील चिखलात, वाळूत, चढावर लावायची आणि डांबर आले की सोडायची. चारही टायर एका मापाचे ठेवायचे. पुढच्या नकलची सील गळत असेल तर सील बदला. नळ गळतो म्हणून कुणी विहीर बुजवत नाही.

डिझेल वाचवायचेच असेल तर त्यालाही सरळ उपाय आहे. पुढच्या चाकांना लॉकिंग हब बसवा. हाताने फिरवून मोकळे केले की चाक फिरते, पण आतला शाफ्ट, गोळा आणि जोडशाफ्ट स्वस्थ बसतात. शेतात जायचे तर उतरून पुन्हा फिरवायचे. धुरा काढण्याच्या मानाने खर्च थोडा आणि काहीही कापावे लागत नाही. महिन्यातून एकदा हब लावून कच्च्या रस्त्यावर चार किलोमीटर चालवा, म्हणजे आत तेल फिरत राहील. तेवढेही नको असेल तर पुढचा जोडशाफ्ट खोलून, तेल लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा आणि छोटा गिअर लावू नका. उद्या गरज पडली तर परत बसवता येतो. भंगारवाल्याकडे गेलेला धुरा परत येत नाही.

कायद्याचेही सांगतो, कारण आपल्याकडे ते शेवटी आठवते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, तेव्हा गाडी अधिकाऱ्यासमोर उभी करावी लागते. आणि गावठी वेल्डिंग केलेला धुरा घाटात तुटला, अपघात झाला, तर विमावाला पहिला प्रश्न काय विचारेल? मागे मजूर बसलेले असतात मंडळी. कुणाचे तरी आईबाप असतात ते.

सगळ्यांनीच फोर-व्हील ठेवावी असे माझे म्हणणे नाही. कंपनीने स्वतः दोन चाकांवर चालणाऱ्या जीपही विकल्या, आणि त्यांनी सवाऱ्या वाहून कित्येक संसार उभे केले. ज्याला शेत नाही, गाडी गावातच फिरवायची, त्याने तशी गाडी घ्यावी. आपली विकावी, ज्याला पाहिजे त्याला द्यावी. चांगल्या चालत्या फोर-व्हील जीपला आज गिऱ्हाईक आहे. पण अर्धी कापलेली जीप ना शेताची ना रस्त्याची. तिला ना शेतकरी भाव देत, ना शौकीन.

मोठ्या भावाने किंवा वडिलांनी संत्र्याचे दोन बहार विकून ती जीप घेतली होती. तेव्हा त्यांनी चार चाकांचे पैसे मोजले होते. आपण त्यातली दोन भंगाराच्या भावात का विकायची?

तेव्हा ज्यांच्या घरी मिस्त्री माप घेऊन गेला आहे, त्यांनी आज संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसावे. किलोमीटर, लिटर, रुपये लिहावे. शेजारी मागच्या वर्षी गाडी किती वेळा रुतली ते लिहावे, आणि खाली बेरीज करावी. त्यानंतरही धुरा काढावा वाटला तर मला फोन करा. मी येतो भांडायला.