उद्योगाचे घर, विधानसभेचे दार

हरियाणाच्या राजकारणात अपक्ष आमदाराला दुर्लक्षून चालत नाही, हा तेथील जुना धडा आहे. १९६७ साली हसनपूरहून अपक्ष म्हणून निवडून आलेल्या गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्दप्रयोग देशाच्या राजकीय कोशाला बहाल केला. अगदी अलीकडे, मे २०२४ मध्ये, तीन अपक्षांनी पाठिंबा काढून घेताच नायबसिंग सैनी यांचे सरकार आकड्यांच्या हिशेबात अल्पमतात आले होते. त्याच राज्यात ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत हिसारमधून एक अपक्ष उमेदवार १८,९४१ मतांनी निवडून आल्या. त्यांचे वय तेव्हा ७४ होते आणि ‘फोर्ब्स’च्या यादीनुसार त्या देशातील सर्वांत श्रीमंत महिला होत्या. सावित्री जिंदाल यांच्या या विजयाची चर्चा बहुतेक संपत्तीच्या आकड्यांभोवतीच फिरली. उद्योगसमूहातील व्यक्ती राज्याच्या सभागृहात जाऊन बसते तेव्हा तिच्या हितसंबंधांची नोंद कोण ठेवतो, हा महत्त्वाचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

जिंदाल घराण्याचा राजकारणप्रवेश सावित्रीदेवींपासून झालेला नाही. हिसारमध्ये बादल्या बनविण्याच्या छोट्या कारखान्यापासून पोलाद उद्योगाचे साम्राज्य उभारणारे ओमप्रकाश जिंदाल १९९१ मध्ये बन्सीलाल यांच्या हरियाणा विकास पक्षातर्फे आमदार झाले आणि १९९६ मध्ये कुरुक्षेत्रातून लोकसभेवर गेले. पुढे ते काँग्रेसमध्ये आले आणि २००५ साली भूपिंदरसिंग हुडा यांच्या मंत्रिमंडळात ऊर्जामंत्री झाले. त्याच वर्षी ३१ मार्च रोजी सहारनपूरजवळ झालेल्या हेलिकॉप्टर अपघातात ओमप्रकाश जिंदाल आणि बन्सीलाल यांचे पुत्र, कृषिमंत्री सुरेंदर सिंग, या दोघांचाही मृत्यू झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकांत हिसारमधून सावित्री जिंदाल आणि तोशाममधून सुरेंदर सिंग यांच्या पत्नी किरण चौधरी विजयी झाल्या. एका अपघाताने रिकाम्या झालेल्या दोन जागा दोन घरांतच राहिल्या. किरण चौधरी त्यापूर्वीही दिल्लीच्या राजकारणात होत्या. सावित्रीदेवींकडे मात्र पतीची जागा आणि उद्योगसमूहाचे अध्यक्षपद या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच वर्षात आल्या.

तोवर कारखान्यांचा कारभार चार मुलांत विभागला गेला होता. त्यामुळे त्यांचा राजकारणप्रवेश म्हणजे एखाद्या उद्योजिकेने कारखाना सोडून सार्वजनिक जीवनात टाकलेले पाऊल नव्हते. घराण्याचा एक विभाग सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली, असे त्याचे वर्णन अधिक अचूक ठरेल. तथापि, त्यांना केवळ सहानुभूतीच्या आमदार ठरविणे अन्यायाचे होईल. २००९ मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या आणि हुडा मंत्रिमंडळात मंत्री झाल्या. २०१४ मध्ये भाजपचे डॉ. कमल गुप्ता यांनी त्यांचा पराभव केला. २०१९ मध्ये त्या रिंगणात नव्हत्या. सहानुभूतीची लाट दहा वर्षे टिकत नाही आणि पराभवानंतर दशकाने तर ती परत येतच नाही. २०२४ चा विजय त्यामुळे वेगळ्या हिशेबात मांडावा लागतो.

त्या वर्षीचा घटनाक्रम बोलका आहे. मार्चमध्ये त्यांचे पुत्र, काँग्रेसचे माजी खासदार नवीन जिंदाल, भाजपमध्ये गेले. पाठोपाठ सावित्रीदेवींनीही काँग्रेस सोडली. जूनमध्ये नवीन जिंदाल कुरुक्षेत्रातून भाजपचे खासदार झाले. विधानसभेची उमेदवारी मात्र भाजपने विद्यमान आमदार आणि सैनी मंत्रिमंडळातील आरोग्यमंत्री कमल गुप्ता यांनाच दिली. तेव्हा खासदाराच्या मातोश्री त्याच पक्षाच्या मंत्र्याविरुद्ध अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या. मतमोजणीत काँग्रेसचे रामनिवास राडा दुसऱ्या आणि मंत्रिमहोदय तिसऱ्या क्रमांकावर गेले. मतदानोत्तर चाचण्यांनी काँग्रेसच्या सत्तेचे भाकीत केले होते. प्रत्यक्षात ९० पैकी ४८ जागा भाजपला मिळाल्या आणि तिन्ही अपक्षांनी लगोलग भाजपला पाठिंबा जाहीर केला. गरज नसलेल्या सरकारला दिलेला हा पाठिंबा होता. सरकारे येतात आणि जातात, उद्योगाला मात्र प्रत्येक सरकारशी बोलावेच लागते, हे व्यापारी कुळातील कुणालाही समजावून सांगावे लागत नाही.

येथे कायद्याची एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. १९८५ साली घटनेत आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर एखाद्या पक्षात सामील झाला, तर तो अपात्र ठरतो. मात्र बाहेरून पाठिंबा देण्यास त्याला कोणतीही आडकाठी नाही. साहजिकच अपक्ष आमदाराला पक्षादेशाचे बंधन नाही, पक्षांतराचा धोका नाही आणि सत्तेच्या जवळ राहण्याची सोय मात्र आहे. पक्षाच्या तिकिटावर अवलंबून असलेल्या कार्यकर्त्याला हे स्वातंत्र्य परवडत नाही. ते परवडण्यासाठी स्वतःचे बळ लागते आणि हिसारमध्ये जिंदाल कुटुंबाकडे ते भरपूर आहे.

हे बळ केवळ पैशाचे आहे असे समजणे ही दिल्लीत बसून केलेली चूक ठरेल. हिसारमध्ये या कुटुंबाने उभारलेले रुग्णालय आहे, मुलींची निवासी शाळा आहे, पोलादाचा कारखाना आहे. देवीलाल, बन्सीलाल आणि भजनलाल या तीन ‘लालां’च्या काळापासून हरियाणाचे राजकारण शेतीच्या बांधावरून चालत आले. त्यात बाजारपेठेच्या शहराला आपला माणूस हवा असणे स्वाभाविकच होते. सरकार जेथे तोकडे पडते तेथे ज्यांनी दवाखाना आणि शाळा दिली, त्यांना मतदाराने मत दिले तर त्याला दोष देता येणार नाही. शिवाय, शेतकरी नेत्यांच्या घराण्यांनी तरी सत्ता घराबाहेर कुठे जाऊ दिली?

प्रश्न मतदाराच्या विवेकाचा नाही, व्यवस्थेच्या मापांचा आहे. मोठ्या राज्यांत विधानसभा उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. हा हिशेब उमेदवारी अर्जापासून निकालापर्यंतचाच असतो. वर्षानुवर्षे चाललेला दानधर्म त्यात येत नाही आणि येऊही शकत नाही. दुसरे माप प्रतिज्ञापत्राचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर उमेदवाराला स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता जाहीर करावी लागते. सावित्री जिंदाल यांनी २०२४ मध्ये सुमारे २७० कोटी रुपयांची मालमत्ता जाहीर केली. त्याच वर्षी ‘फोर्ब्स’ने त्यांच्या नावे ४३.७ अब्ज डॉलर, म्हणजे साडेतीन लाख कोटी रुपयांहून अधिक संपत्ती दाखविली. यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. एक आकडा व्यक्तीचा आहे, दुसरा साऱ्या कुटुंबाच्या समूहातील मालकीचा. पण मतदाराच्या हाती पहिलाच आकडा पडतो, तर सत्तेच्या दालनात वजन दुसऱ्याला असते.

तिसरे माप लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९-अ कलमाचे. सदस्याने स्वतःच्या व्यवसायात संबंधित सरकारशी मालपुरवठ्याचा वा बांधकामाचा करार केला असेल, तर तो अपात्र ठरतो. परंतु कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती असल्याने भागधारकाच्या हितसंबंधापर्यंत या कलमाचा हात सहसा पोहोचत नाही. जमिनीच्या वापरातील बदल, वीजदर, औद्योगिक सवलती या राज्यांच्या अखत्यारीतील बाबी आहेत. जिंदाल कुटुंबाचे मोठे कारखाने छत्तीसगड, ओडिशा, कर्नाटक आणि महाराष्ट्रातील डोलवी येथे पसरलेले आहेत. हिसारच्या आमदाराने कुठे काही गैर केले, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. गैर घडले नाही हे पाहण्याचे साधन सभागृहाकडे असायला हवे, एवढाच मुद्दा आहे.

असे साधन संसदेला अपरिचित नाही. राज्यसभेच्या नियम २९३ नुसार सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. संचालकपद, नियंत्रक स्वरूपाची भागमालकी, मोबदल्याची सल्लागारी अशा पाच बाबी तीत नोंदवाव्या लागतात. लोकसभेत अशी नोंदवही नाही, आणि राज्यांच्या विधानसभांतही ती सार्वत्रिक प्रथा झालेली नाही. मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे. पदग्रहणापूर्वी व्यवसायाच्या व्यवस्थापनापासून दूर व्हावे, असे ती सांगते. पण मालकी सोडायला ती सांगत नाही आणि साध्या आमदाराला ती लागूच नाही.

हा प्रश्न एका हिसारपुरता राहणार नाही. २०२४ मध्ये हरियाणाच्या ९० जागांतून १३ महिला निवडून आल्या. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठेवण्याची तरतूद केली आहे. आजच्या सदस्यसंख्येने हिशेब केला तर ते प्रमाण ३० जागांचे होते. एवढ्या महिला उमेदवार आपले पक्ष कोठून आणणार? ग्रामपंचायतीपासून घडलेल्या कार्यकर्त्या आहेत. पण तिकीटवाटपाच्या बैठकीत ‘स्वतःचा खर्च स्वतः करणारा’ उमेदवार प्रथम आठवतो, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. त्या वेळी उद्योगघराण्यांतील सुना, मुली आणि माता यांच्याकडे पक्षांची नजर वळल्यावाचून राहणार नाही. त्यांच्यात कर्तबगार स्त्रिया असतील आणि त्यांनी यायलाच हवे. उद्योग चालविणाऱ्या स्त्रीला राजकारणाचे दार बंद असावे, असे कोणी म्हणणार नाही. मात्र दारातून आत येताना तिने, आणि तिच्यासारख्याच प्रत्येक पुरुष सदस्याने, आपल्या कंपन्यांची नावे सभागृहाच्या नोंदवहीत लिहावीत आणि ती नोंदवही नागरिकाला वाचता यावी. त्यासाठी घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही. विधानसभेच्या नियम समितीची इच्छाशक्ती पुरेशी आहे. राखीव जागांची निवडणूक होण्यापूर्वी हे काम होते की नंतर, यावर त्या जागा कोणासाठी राखीव ठरल्या हे अवलंबून राहील.