रीतसर नेमणुकीला बगल दिली की…

अमेरिकेच्या केंद्रीय नियमसंग्रहात न्याय खात्याची घडी कलमवार लावून दिलेली आहे. त्या भागाचा क्रमांकच शून्य! सॉलिसिटर जनरलकडे कोणती कामे, कायदेशीर सल्ला देणाऱ्या कार्यालयाचा प्रमुख कोण, अॅटर्नी जनरलची खुर्ची रिकामी झाली तर ती कोणी सांभाळायची, सगळे त्यात. वाचायला घेतले तर दुसऱ्या पानावर डुलकी लागावी.

१९७३ मध्ये मात्र या रुक्ष कलमांनी राष्ट्राध्यक्षाला घाम फोडला. २० ऑक्टोबर, शनिवारची संध्याकाळ. वॉटरगेट प्रकरणाचा छडा लावणारे विशेष अभियोक्ते आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढा, असे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी फर्मावले. अॅटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाउसही बधले नाहीत. नियमाप्रमाणे पुढचा क्रम सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क यांचा. प्रभारी म्हणून त्यांनी कॉक्स यांना घरी बसवले.

गोम पुढेच आहे. असाधारण गैरवर्तन असल्याशिवाय कॉक्स यांना हात लावता येणार नाही, असा नियम खुद्द रिचर्डसन यांनी करून ठेवला होता. बोर्क यांनी आधी माणूस काढला, मग नियम रद्द केला! न्यायाधीश गेसेल यांनी नोव्हेंबरमध्ये ही बडतर्फी बेकायदा ठरवली. नव्या अभियोक्त्यासाठी पुन्हा नियम करावा लागला. तो लागू आहे तोवर सरकारलाही पाळावा लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये ८-० ने बजावले आणि निक्सन यांना अभियोक्त्याने मागितलेल्या ध्वनिफिती द्याव्या लागल्या.

एवढे घडूनही धडा घेतलेला दिसत नाही. केंद्र सरकारच्या जिल्हा वकिलाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने करतात. जागा रिकामी असेल तर अॅटर्नी जनरलला १२० दिवसांसाठी हंगामी माणूस नेमता येतो. पुढचा अधिकार जिल्हा न्यायालयाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्व व्हर्जिनियात लिंडसे हॅलिगन यांना हंगामी जिल्हा वकील म्हणून बसवले, तेव्हा ही मुदत आधीच्या वकिलाच्या काळातच संपली होती. हॅलिगन यांना फौजदारी खटला चालवण्याचा अनुभव नव्हता. तरीही एफबीआयचे माजी संचालक जेम्स कोमी यांच्यावरील आरोपपत्र घेऊन त्या एकट्याच ग्रँड ज्युरीपुढे गेल्या.

हे आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणे होते. सिनेटचा रस्ता लांबचा खरा, पण पळवाट त्याहून महाग पडली. आरोपपत्रावर सही एकट्या हॅलिगन यांची आणि नेमणूकच बेकायदा, म्हणून २४ नोव्हेंबरला न्यायाधीश कॅमेरॉन करी यांनी कोमी आणि न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स या दोघांवरचे खटले काढून टाकले. पुराव्याची छाननी होण्याची वेळच आली नाही.