ओळख पटवा म्हणे, पण ओळख कुठून आणू?

मराठीत ‘ओळख’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, तुम्ही कोण हे सिद्ध करणं. दुसरा, मोठ्या जागी आपलं माणूस असणं. सरकारी पोर्टल पहिली ओळख मागतं, पण काम बहुतेक वेळा दुसरीवर होतं. ज्यांच्या घरात दोन पिढ्यांपासून डॉक्टर आणि प्राध्यापक आहेत, त्यांचा रिपोर्ट काका बघून सांगतात आणि शोधनिबंध मावसभाऊ पाठवतो. त्याला कुणी गैरप्रकार म्हणत नाही. आपण आईच्या नावाने लॉगिन केलं की मात्र नियम आठवतात.

मी कोलकात्यात पीएचडी करते, आईचे उपचार मराठवाड्यात चालतात. रिपोर्ट ऑनलाइन येतो, ओटीपी तिच्या साध्या फोनवर जातो. ती शेतात असते, मेसेज वाचून दाखवायला कुणी मिळेपर्यंत मुदत संपते. घरात पहिल्यांदा शिकलेल्या बहुतेकांना हे माहीत आहे. शेवटी पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर आणि आधारची प्रत सेतू केंद्रवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर जाते.

वास्तविक कागदावर आपल्याला जागा आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत सोबत्याने मागणी केली, तर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. हा ‘अधिकृत सोबती’ ओटीपीच्या चौकटीत बसत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम १४ प्रतिनिधी नेमू देतं, पण त्याचा अधिकार सुरू होतो मृत्यूनंतर किंवा शरीर-मनाने असमर्थ झाल्यावर. धडधाकट, शहाणी, पण शाळेत जाऊ न दिलेली बाई यात कुठे बसते?

ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत रुग्णाच्या संमतीने जवळच्या माणसाला स्वतंत्र लॉगिन मिळतं. फक्त वेळ घेणं, औषध मागवणं की नोंदी बघणं, हे वेगवेगळं ठरवता येतं आणि संमती मागेही घेता येते. हे महत्त्वाचं आहे, कारण आपल्या घरांतही सत्ता असते. सुनेचा फोन नवऱ्याच्या हातात असेल, तर पासवर्ड देणं म्हणजे तिच्या गर्भपाताची किंवा टीबीची नोंद त्याच्यापुढे उघडी टाकणं. उधारीच्या पासवर्डला मर्यादा नसते. अधिकृत प्रतिनिधित्वाला घालता येते.

विद्यापीठात हेच कुलूप वेगळ्या दाराला आहे. तिथे प्रॉक्सी म्हणजे तुम्ही घरी असलात तरी प्रकाशकाला तुम्ही कॅम्पसमध्ये आहात असं दाखवणारी व्यवस्था. ती चालते पटावर नाव असेपर्यंत. एमए झालं, नेटची तयारी सुरू आहे, पीएचडीचा प्रस्ताव लिहायचा आहे, नेमक्या त्याच वर्षी खातं बंद होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. लाभ मात्र सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांपुरता. पैसा सगळ्यांचा, वाचन पटावरच्यांचं. ज्याच्या ओळखीत प्राध्यापक आहे, त्याचं ते वर्ष वाया जात नाही.

मागण्या साध्या आहेत. प्रत्येक सरकारी आरोग्य पोर्टलवर रुग्णाने स्वतः नेमलेला, मर्यादित अधिकाराचा आणि कधीही काढता येणारा प्रतिनिधी असावा. त्याची नोंदणी दवाखान्याच्या खिडकीवर, रुग्णाच्या भाषेत आणि शक्यतो तिच्याशी एकटीशी बोलून व्हावी. पदवीनंतर निदान दोन वर्षं ग्रंथालयाचं खातं चालू राहावं. आणि सरकारी वर्गणीची नियतकालिकं सार्वजनिक ग्रंथालयांतल्या संगणकांवर वाचता यावीत. इथे अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९५४ च्या कायद्यानुसार देशात प्रकाशित होणाऱ्या पुस्तकाची प्रत द्यावी लागते, मराठी पुस्तकाचीही. छापील पुस्तकासाठी जे तत्त्व सत्तर वर्षांपूर्वी मान्य झालं, ते पडद्यावरच्या पानाला का नको?

तोवर एक करता येईल. दवाखान्यात पासवर्डची वही पुढे करण्याआधी ७२ तासांच्या नियमाखाली लेखी अर्ज द्या, त्यावर रुग्णाची सही किंवा अंगठा घ्या आणि पोचपावती मागा. ओळखीने मिळालेली गोष्ट एका घरापुरती राहते. अर्जाने मिळवलेली पुढच्यालाही दाखवता येते.