कुकडीचे रांजण कोणी राखायचे?

स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला १८७२ साली एका गृहस्थांनी दारूच्या तळघरासाठी खणायला घेतले आणि खडकात गोल, गुळगुळीत रांजण निघाले. सर्वांत मोठा साडेनऊ मीटर खोल. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमनदीखाली घुसळणाऱ्या पाण्याने ते कोरले होते. तळघर बाजूलाच राहिले. दुसऱ्याच वर्षी ती जागा लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. आज रांजणांवर छप्परही आहे.

आपल्या दख्खनवर बर्फ नव्हते, पण पाण्याचे कसब तेच. शिरूर तालुक्यातल्या टाकळी हाजीजवळ कुकडीच्या पात्रात असेच रांजणखळगे आहेत. पात्रातल्या खाचेत गोटा अडकतो, पुराचे पाणी त्याला गरगर फिरवते आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण कणाकणाने झिजतो. पूर ओसरला की रांजणात पाणी उरते. हे आपल्या दुष्काळी मुलखातले सर्वांत जुने पाणवठे.

मात्र एक फरक आहे. ल्युसर्नचे जाते कधीच थांबले. आपले अजून फिरते आहे. थांबलेल्या जात्यावर छप्पर घालून भागते. फिरत्या जात्याला पाणी लागते, गोटे लागतात. वर येडगावचे धरण आहे. शेतीसाठी ते हवेच. पण नदीसाठी थोडा प्रवाह राखणे हा काही पाण्याचा अपव्यय नव्हे. पात्रातले दगड-वाळू उपसायची, खडकावर सिमेंटच्या पायऱ्या ओतायच्या आणि त्याला पर्यटन विकास म्हणायचे, हे मुद्दल मोडून व्याज दाखवण्यासारखे झाले.

खरी अडचण सीमेची. अलीकडचा काठ पुणे जिल्ह्याचा. पलीकडचे निघोज पारनेर तालुक्यातले, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातले. मळगंगेच्या दर्शनाला येणारा भाविक ही सीमा मानत नाही, फाइल मात्र मानते. संयुक्त खात्यात दोघांच्या सह्या लागत असतील तर एकट्याने व्यवहार होत नाही, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी आणि दोन्ही ग्रामपंचायतींनी एकच आराखडा करावा: उपसा बंद, खडकावर बांधकाम बंद, कचऱ्याची जबाबदारी ठरलेली.

भूवारसा जपण्याच्या कायद्याचा मसुदा केंद्राने २०२२ साली लोकांसमोर ठेवला होता. पण चार सह्यांसाठी दिल्लीकडे कशाला पाहायचे? टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामध्ये एक नदीच तर आहे.