गाडी सोडा, जीव सांभाळा
तिरुविडैमरुदूर हे गाव कुंभकोणमजवळ रेल्वेमार्गावरच आहे. महालिंगस्वामींच्या दर्शनाला आपली मंडळी तिथे जातात, म्हणून सांगते. तिथे काय किंवा आपल्या दौंड-मनमाडला काय, पायी जाणाऱ्यांच्या वाटेने मोटारसायकल रुळांवर घालू नका. ती वाट पावलांसाठी आहे. इंजिन बंद करून गाडी ढकलत नेली, तरी ती गाडीची होत नाही. पुढचे चाक रुळावर चढते, मागचे खडीत रुतते, स्टँड कुठेतरी अडकतो, आणि सव्वाशे-दीडशे किलोचे धूड एकट्याला ना पुढे रेटवत, ना मागे ओढवत. ताशी शंभर किलोमीटरने येणारी रेल्वे सेकंदाला २८ मीटर कापते. चालकाने ब्रेक दाबला तरी ती जागच्या जागी थांबत नाही. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली विनापरवाना रुळांत शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मला मात्र मोटार वाहन कायद्याचे १३१ वे कलम जास्त मोलाचे वाटते. राखणदार नसलेल्या फाटकापाशी थांबायचे, सोबत कुणी नसेल तर चालकाने स्वतः उतरायचे, आणि दोन्ही बाजूंनी रेल्वे किंवा ट्रॉली येत नाही हे पाहूनच पुढे जायचे, असे ते सांगते. एवढे करूनही गाडी रुळांत अडकलीच, तर हप्ते आठवत बसू नका. ती तिथेच टाका आणि रुळांपासून लांब पळा.