मानगूट सोडा, पाय धरा

गुंजवणे म्हटले की बाहेरच्यांना राजगडाची चोर दरवाज्याची वाट आठवते. गावाला मात्र घरातले भात उंदरांपासून राखायचे असते आणि ते काम मांजरांकडे असते. या मांजरांची नोंद दवाखान्याच्या वहीत क्वचितच होते. गायी-म्हशींना लाळ्या खुरकुताची लस, शेळ्यांना आंत्रविषाराची, कुत्र्यांना रेबीजची. मांजर पिशवीत घालून कोणी आणलेच, तर ते कोणाला तरी चावले किंवा ओरबाडले म्हणून. अशा मांजराला लसीनंतर त्रास झाला तर त्याची खबर पशुवैद्यकापर्यंत पोचत नाही. मालक पुढच्या वर्षी येत नाही, एवढेच होते.

त्यामुळे लसीच्या दुष्परिणामांविषयी दोन टोकाच्या समजुती शेजारी शेजारी नांदतात. पशुवैद्यक म्हणतो, असे काही होत नाही. गाव म्हणते, सुई टोचली की जनावर बसते.

आकडे या दोन्ही समजुतींना दुजोरा देत नाहीत. अमेरिकेतील एका दवाखाना-साखळीच्या नोंदींवर आधारलेला मोठा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यात 4,96,189 मांजरांना दिलेल्या साडेबारा लाखांहून अधिक मात्रांचा हिशेब होता. लसीनंतरच्या 30 दिवसांत 2,560 वेळा काही ना काही त्रास नोंदला गेला, म्हणजे दर दहा हजार मांजरांमागे सुमारे 52. त्यात सर्वाधिक प्रमाण मलूलपणाचे होते, कधी तापासह तर कधी तापाविना. त्याखालोखाल टोचल्या जागेची सूज आणि वेदना, मग उलट्या, चेहऱ्यावरची सूज, खाज. एकाच भेटीत जितक्या जास्त लसी, तितका धोका अधिक, हाही त्याच अभ्यासाचा निष्कर्ष.

शेवटचा मुद्दा गुंजवण्याच्या तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या वेल्हे आणि आताच्या राजगड तालुक्यात, अडचणीचा ठरतो. मालक एसटी पकडून एकदाच येणार, म्हणून सगळ्या सुया त्याच दिवशी उरकण्याचा मोह होतो. पण रेबीज आणि तिहेरी लस (पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या विषाणूंविरुद्धची) यांच्यात तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवता आले तर ठेवावे. आधी त्रास झालेल्या मांजराबाबत तर ते ठेवलेच पाहिजे.

खरी घाई ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीची. तो विरळा, पण आला तर बहुधा पहिल्या काही मिनिटांतच येतो. कुत्र्यात यकृत आणि आतड्यांवर ताण दिसतो. मांजरात फुप्फुसे आधी सापडतात. चेहरा खाजवणे, लाळ, उलटी, मग तोंड उघडून श्वास. उपचार ॲड्रेनॅलिनचा, दर किलोला 0.01 मिलिग्रॅम, स्नायूत. 4 किलोच्या बोक्याला 1 मिलिग्रॅम प्रति मिलीच्या अँप्यूलमधले केवळ 0.04 मिली. 100 युनिटच्या इन्शुलिन सिरिंजवर ही मात्रा 4 च्या खुणेवर येते, 40 युनिटच्या सिरिंजवर दीडच्या किंचित पुढे. औषधपेटीत दोन्ही जातींच्या सिरिंजा मिसळलेल्या असल्या आणि हाती 40 ची लागली, तर 4 च्या खुणेपर्यंत भरलेली मात्रा अडीचपट होते. पेटीत एकच जात ठेवावी आणि वजनानुसार मात्रांचा तक्ता झाकणाला आतून चिकटवावा. लस दिल्यावर मालकाला अर्धा तास थांबवावे. घरी पोचल्यावर त्रास झाला तर पुण्याची वाट लांबची आहे, आणि सुट्टीच्या दिवशी गडावर निघालेल्या गाड्यांनी ती आणखी लांबते.

दुसरा दुष्परिणाम सावकाश येतो, आणि तो आपल्या सवयीशी बांधलेला आहे. अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्याने 1987 मध्ये मांजरांना रेबीजची लस सक्तीची केली. पुढे तिथल्या विद्यापीठात हेंड्रिक आणि गोल्डश्मिट यांना टोचल्या जागी उगवणाऱ्या सार्कोमांची, म्हणजे कर्करोगाच्या गाठींची, संख्या वाढलेली दिसली. 1991 मध्ये त्यांनी ती जाहीर केली. काही गाठींतल्या पेशींत ॲल्युमिनियम सापडले. ते निष्क्रिय लसींच्या ॲडज्युवंटमधून, म्हणजे लसीचा परिणाम वाढवणाऱ्या घटकातून, आलेले असावे, असा त्यांचा कयास होता. हे सार्कोमा साधारण दहा हजारांत एखाद्या मांजराला होतात, आणि तेही काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी. दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडसारख्या इतर इंजेक्शनांनंतरही ते आढळले आहेत. आपल्याकडच्या निष्क्रिय रेबीज लसींतही ॲल्युमिनियमचे क्षार वापरले जातात, म्हणून हा प्रश्न परक्या मुलखाचा मानता येत नाही.

गाठ मानगुटीत असली तर ती खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मणक्यांच्या टोकांत घुसते. चहूबाजूंनी 5 सेंटिमीटर निरोगी ऊती घेऊन ती काढायला तिथे जागाच नसते. पायाच्या खालच्या भागात असली तर पाय गमावून जीव वाचतो. म्हणूनच 1996 नंतर अमेरिकेत लस पायात देण्याची शिफारस झाली. रेबीजची उजव्या मागच्या पायात गुडघ्याखाली, तिहेरी उजव्या पुढच्या पायात कोपराखाली. शेपटीच्या टोकाकडेही लस चालते. 2014 च्या एका अभ्यासात शेपटीत टोचलेल्या सर्व मांजरांत पॅनल्युकोपेनियाविरुद्ध, आणि एक वगळता सर्वांत रेबीजविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली. तरी मानगूट धरली की मांजर निमूट राहते, म्हणून आपल्याकडे सुई अजून तिथेच जाते.

गाठीसाठी तीन-दोन-एक हा हिशेब पाठ असावा. लसीनंतर 3 महिने टिकलेली, 2 सेंटिमीटरपेक्षा मोठी, किंवा 1 महिन्यानंतरही वाढणारी गाठ असली तर आधी बायोप्सी, मग शस्त्रक्रिया. घाईने कापलेली गाठ परत येते आणि दुसऱ्या खेपेला आवरत नाही. शेजारच्या भोरकरांना शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय फार लांब नाही. नमुना तिथे पाठवता येतो.

काही दुष्परिणाम टाळणे पूर्णपणे हातात असते. गाभण भाटीला पॅनल्युकोपेनियाची जिवंत लस दिली तर पिल्लांच्या लहान मेंदूची वाढ खुंटू शकते, म्हणून पोट चाचपल्याशिवाय सुई उचलू नये. जिवंत लसीचा थेंब केसांवर सांडला तर मांजर तो चाटते आणि त्याला शिंका, नाकगळती सुरू होऊ शकते; तो लगेच पुसावा. कॅलिसीच्या लसीनंतर पिल्लू दोन-तीन दिवस लंगडू शकते, हे मालकाला आधीच सांगून ठेवावे. प्रौढ, घरातच राहणाऱ्या मांजराला तिहेरी लस दरवर्षी देण्याची गरज नाही. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटना तीन वर्षांचे अंतर पुरेसे मानते. रेबीजबाबत मात्र ही सवलत स्वतःहून घेऊ नये. जिथे रेबीज घरादारात वावरतो, तिथे न टोचलेले मांजर हा सार्कोमापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

येत्या 28 सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, जिथे जिथे शिबिरे होतील तिथे मांजरांची रांग कुत्र्यांपासून वेगळी लावावी. कार्डावर लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि टोचलेला पाय हे तीन रकाने असावेत. त्रास झालेले प्रत्येक मांजर बॅच क्रमांकासह उत्पादकाला आणि जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाला लेखी कळवावे. पुण्याच्या औंधला पशुरोग अन्वेषणाची यंत्रणा आहे, पण कागद पोचल्याशिवाय तीही काही करू शकत नाही. गुंजवण्याच्या मालकालाही महिनाभराने एक फोन जावा: टोचल्या पायाला गाठ लागते का?